योगेंद्रच्या नावाची मूठ

"मंग मी मरनू का काय करशी? तुनी कंपनीना ड्रममां टाकशी माले?"

"विषय तो नाही, आई."

"विषय तोच शे. इचारं ते सांग."

शोभाबाईच्या एका हातात साडीचा काठ होता आणि दुसऱ्या हातात धागे कापायची छोटी कातर. भांडण सकाळी चहाच्या आधी सुरू झालं होतं आणि चहा पिऊन ताजंतवानं झालं होतं. सुरतेत, लिंबायतच्या त्या दोन खोल्यांत उभं राहून भांडायला जागा नव्हती. म्हणून ती गठ्ठ्याशेजारी बसून भांडत होती आणि तिचा मुलगा योगेंद्र उंबऱ्यावर टेकून, बुटाची नाडी बांधता बांधता. सून धनश्री आतल्या खोलीत पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज कधीचाच थांबला होता.

येत्या रविवारी कानबाई बसायची होती. खानदेशातून सुरतेला आलेल्या माणसांनी गावाकडचं बरंच काही वाटेत सांडलं, पण श्रावणातली कानबाई सांडली नाही. या घरची कानबाई म्हणजे एक जुना नारळ. त्याला नथ, त्याला चांदीचे डोळे. वर्षभर तो लाल फडक्यात गुंडाळून फळीवर असायचा आणि त्या एका रविवारी पाटावर यायचा. पण पूजेला या घराण्यात जोडपंच बसावं लागे, विधवेचा हात चालत नसे. शोभाबाईचा नवरा भटू गेल्या वर्षी होळीनंतर गेला. तेव्हा वर्ष झालं नव्हतं म्हणून गेला श्रावण कोरडाच गेला. यंदा योगेंद्र आणि धनश्री पाटावर बसणार, हे शोभाबाईनं धरून चाललं होतं. आणि योगेंद्र म्हणत होता, मी बसणार नाही. घरात जोडपं नसेल तर कानबाई दिराकडे, हिलालच्या घरी जाणार. एकदा गेलेली कानबाई परत येत नाही, हे सांगायला ब्राह्मण लागत नाही.

"एक घडी पाटवर बठनं शे," शोभाबाई म्हणाली. "तितलंच. तुनं काय जास?"

"मला जे खोटं वाटतं, त्याला गल्लीसमोर हात जोडून खरं म्हणायचं. हे जातं."

घरात सगळे अहिराणी बोलत. योगेंद्रही बोले. पण भांडताना तो शाळेतल्या मराठीत शिरायचा. अहिराणीत आईशी भांडून कोणी जिंकलेलं नव्हतं, हे त्याला लहानपणीच कळलं होतं.

"नारळ आहे तो, आई. फोडला तर आत पाणीसुद्धा नसेल."

"आनि मानूस?"

"माणूस पण तसाच. पाणी, चुना, कोळसा, मीठ. चालतं तोवर चालतं. मेला की संपला."

"तुना बाप?"

योगेंद्रनं नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. तो इच्छापोरच्या पुढं, हजीरा रोडवरच्या एका रसायनाच्या कारखान्यात लॅबमध्ये होता. दिवसभर बाटल्यांत थेंब मोजायचे आणि काय आहे, किती आहे ते सांगायचं. असल्या प्रश्नाला उत्तर न देणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

"बाबा पण," तो म्हणाला. "बाबा कुठंही नाहीत. वर नाहीत, कावळ्यात नाहीत, त्या फडक्यात नाहीत. आपण तापीत सोडलं ते काय होतं? चुना. थोडं लोखंड."

"लोखंड?"

"असतं माणसाच्या अंगात. एक खिळा होईल एवढं."

शोभाबाईनं एक धागा कापला. "एक खिळा," ती म्हणाली. ते तिनं जिभेवर ठेवून पाहिल्यासारखं म्हटलं. मग तिच्या तोंडाला सवयीची धार आली. "आनि देव सोडीसन तुले काय भेटनं रे? साहेबनी खुर्ची दिधी?"

"तुला देव धरून काय मिळालं?" योगेंद्र उभा राहिला. "बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तू काय केलंस? मी फोनवर ओरडत होतो, निघा, निघा म्हणून. तू अंगारा लावलास. फळीवरून नारळ काढून त्यांच्या छातीवर ठेवलास. मग काकांची रिक्षा. डॉक्टर काय म्हणाला आठवतं? जरा आधी आणायचं ना बेन. ते 'जरा आधी' तू नारळाला दिलंस. देवीनं नाही मारलं त्यांना. देवी नाहीच आहे. तू मारलंस."

आतल्या खोलीत काहीतरी परातीत पडलं.

भटूनंच तेव्हा म्हटलं होतं, आधी बाईला आण. छाती दाबून, घामानं भिजून, फळीकडं बोट करून म्हटलं होतं. शोभाबाईनं हे पोराला कधी सांगितलं नव्हतं आणि आजही सांगितलं नाही. मेलेल्या माणसाच्या माथी मारून स्वतः सुटायची तिची रीत नव्हती. जिवंत माणसांच्या माथी मारायला तिची हरकत नसे.

योगेंद्रनं डबा उचलला. जाताना त्याचा हात आपोआप चौकटीकडे गेला. तिथं एका खिळ्याला भटूचा हूक टांगलेला होता. मागाच्या फणीच्या बारीक फटीतून धागा ओढून घ्यायची चपटी पोलादी पट्टी आणि तिला पितळेची मूठ. मूठ भटूच्या अंगठ्यानं एका बाजूला झिजून खोलगट झाली होती. कामावरून आला की भटू तो हूक तिथं अडकवायचा, मग पाणी मागायचा. तो गेल्यापासून हूक तिथंच होता. योगेंद्रनं त्या खोलगट जागेला दोन बोटं लावली आणि तो जिना उतरला.

हे तो रोज करी. देवाच्या फळीसमोरून बूट घालून जाणारा हा पोरगा हुकाला बोटं लावल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. त्याला स्वतःला ते माहीत होतं की नाही, कोण जाणे. शोभाबाईला माहीत होतं. तिनं ते पाहून, घडी घालून ठेवलं होतं. बायका जुनं जरीचं कापड ठेवतात तसं, कधी ना कधी कामाला येईल म्हणून.

*

गल्लीत तिला मागं 'कातर' म्हणत. पुढ्यात शोभाबाई. सिंदखेड्याकडच्या एका गावातून ती लग्न होऊन सुरतेला आली, ती मांडीवर नारळ घेऊन. सासऱ्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्यानं शेत घेतलं, मधल्यानं बैल घेतले, धाकटा हिलाल तेव्हा पोरच होता, भटू कारखान्यात होता म्हणून त्याला कोणी काही दिलं नाही. "मंग कानबाई द्या," नवी नवरी असलेली शोभाबाई पडद्याआडून म्हणाली होती. सगळे हसले. देवी काय, खायला मागते, देत काही नाही. दिली. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, बाळ झोपलं का? शोभाबाईनं हो म्हटलं.

मग लूमच्या खटखटाटात तीस वर्षं. भटू मागावर, ती घरी बसून साड्यांचे धागे कापणार. पलीकडच्या गाळ्यातला आवाज भिंतीतून यायचा, भांडी फळीवर नाचायची. या आवाजात जगलेली माणसं मोठ्यानं बोलतात. शोभाबाई हळू बोले आणि तरी ऐकू येई.

तिची भक्ती पाहून कोणाला प्रसन्न वाटलं असं झालं नाही. ती देवीपुढं रडली नाही, नाचली नाही, तिच्या अंगात कधी आलं नाही. कानबाई तिच्या लेखी माय नव्हतीच. सासू होती. सगळं पाहते, काही बोलत नाही, काही विसरत नाही. सासूपुढं कोणी लाड मागतं का? नीट वागायचं. वागण्यात खोट आली तर कबूल करायचं, कारण ती आधीच पाहून बसलेली असते. भटूच्या छातीवर नारळ ठेवला तेव्हाही शोभाबाईनं 'वाचव' म्हटलं नव्हतं. "देखी ले," एवढंच म्हटलं होतं. बघ, म्हणजे नजर ठेव.

त्यामुळे पोराच्या शब्दांनी तिची श्रद्धा हलली वगैरे काही झालं नाही. तिला राग आला. आणि रागापेक्षा जास्त असं वाटलं, की हा पोरगा फुकटात बोलतो आहे. माणूस म्हणजे चुना आणि लोखंड, असं म्हणायचं आणि घरी येऊन आईच्या हातची वांग्याची भाजी मागायची. बाप कुठंच नाही, असं म्हणायचं आणि हुकाला बोटं लावायची. बोलायचं ते बोल. पण मग त्या बोलण्यात राहून दाखव. दोन्हीकडचं भाडं का बुडवतोस?

त्याच दिवशी दुपारी हिलाल आला. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी लावून, गळ्यातल्या रुमालानं मान पुसत.

"वहिनी, मी ऐकं ते खरं शे का?"

"तुम्ही काय ऐकं त्यावर शे."

"योगू नही म्हनस म्हने." हिलालनं फळीकडं पाहिलं. त्याच्या नजरेत भक्ती होती आणि हाव होती, आणि त्याचं त्यालाही दोन्हींतला फरक करता आला नसता. "नास्तिक व्हयना म्हने पोऱ्या. मोबाईलवर देखीसन. वहिनी, देवीले एक वरीस उपाशी ठेवं, दुसरं ठेवानं बरं नही. आम्ही शेत ना. आमनी सखुबाई आनि मी बठसूत. सामान समदं आनेल शे."

"आधीच आनं?"

"नही, म्हंजे… लागी तं."

"मना पोऱ्या बठी," शोभाबाई म्हणाली. "तुम्ही तुम्हनी रिक्षा देखा. भाडं जाई राहिनं."

धनश्रीनं दिलेलं पाणी न पिताच हिलाल उठला. जाताना चौकटीशी थांबून त्यानंही हुकाकडं पाहिलं. "भाऊना हूक," म्हणाला. "सोन्यासारखा हात व्हता भाऊना." आणि गेला.

धनश्री पडद्याशी उभी राहिली. उधन्याची मुलगी, सुरतेतच वाढलेली. तिच्या बोलण्यात मराठीपेक्षा गुजराती जास्त. पाचवा महिना होता. पाटावर बसायला म्हणून तिनं मोरपंखी साडी आणून ठेवली होती, आणि ती रोज कपाटातून काढून पुन्हा तशीच ठेवत होती. "आत्या," सासूला ती आत्या म्हणे, "मी बोलू त्यांच्याशी? प्रेमाने समजावीने?"

"तुनं ऐकी तो?"

"कधी कधी ऐकतात."

"मंग ही साडी नेस आनि आरशाले इचार," शोभाबाई म्हणाली. धनश्री पडद्याआड गेली.

*

दुसऱ्या दिवशी घर धुवायचं होतं. कानबाईच्या आधी घरातली चादर न् चादर, डबा न् डबा धुवून निघतो. सगळं खाली काढलेलं असतानाच गल्लीत हाळी आली, "ए भंगाऽऽर! पस्तीऽऽ!"

शोभाबाईनं वाकलेलं कुकरचं झाकण काढलं, गंजलेली बादली काढली, तुटलेला पंखा काढला. मग स्टुलावर चढली आणि हूक काढला.

धनश्रीला आधी वाटलं, पुसायला काढला. मग तिनं तो पंख्याच्या पात्यांवर ठेवलेला पाहिला.

"आत्या! ए तो पप्पांचं…"

"लोखंड शे."

"आत्या, रेवा दो ने, राहू द्या ना. त्यांना किती लागेल."

"कसाले लागी? तुना नवराच म्हने, एक खिळा इतलं लोखंड. हाई तं जास्तच शे."

भंगारवाला हातगाडीला टेकून उभा होता. त्यानं हूक उलटासुलटा केला, मूठ नखानं खरवडली. "पितळ है, माँजी," तो प्रामाणिकपणे म्हणाला. शोभाबाईनं मान हलवली. सगळ्या सामानाच्या बदल्यात त्यानं गाडीतून एक प्लास्टिकचं निळं टमरेल काढून दिलं. शोभाबाईनं ते घेतलं, वर आणलं, आणि कडीत दोरी घालून त्याच खिळ्याला अडकवलं.

धनश्री त्या टमरेलाकडं बघत राहिली. तिला वाटलं असेल सासू रागानं करते आहे. राग असता तर एवढी नीट गाठ मारली नसती.

योगेंद्र आला तो दिवेलागणीच्या जरा आधी. जिन्यावर त्याच्या बुटांचा आवाज, मग उंबऱ्यावर थबकणं. शोभाबाई साडीचा काठ उलगडत होती. तिनं मान वर केली नाही.

"हूक कुठाय?"

शोभाबाईनं काठ पुढं सरकवला.

"आई, बाबांचा हूक कुठाय?"

"भंगारवालाले दी टाका."

तो हसला. खरंच हसला. घरात कोणी तरी मस्करी केली असं त्याला क्षणभर वाटलं. मग त्याला टमरेल दिसलं.

"का?"

"घर धवत व्हतू. अडगळ व्हती." शोभाबाईनं धागा कापला. "लोखंडच ना? आनि मूठ पितळनी. त्यामां तुना बाप नव्हता. वर नही, कावळामां नही, नारळमां नही, मंग हुकमां कोठून येई? तूच सांगं. मी तं अडानी. तू सांगस तसं चालनं."

"आई, ते…" त्याची शाळेतली मराठी संपली होती. "ते बाबांचं होतं."

"बाबा कोन?" शोभाबाई म्हणाली. "चुना?"

धनश्रीनं तोंडावर हात घेतला. पाच वर्षांचा असताना शोभाबाईनं त्याला लूमच्या पट्ट्यापासून ओढून काढून थोबाडीत मारली होती, योगेंद्रचा चेहरा तेव्हासारखा झाला. तो आला तसा बूट न काढता जिना उतरला. खाली त्याची बाईक दोनदा बंद पडली, मग चालू झाली.

शोभाबाईच्या मनात तेव्हा एक गोड, तिखट असं काहीतरी पसरलं. लागलं. नेमकं जिथं लागायला हवं तिथं लागलं. चुन्याला लागत नाही, मिठाला लागत नाही. ज्याला लागलं तो कोण आहे, ते आता भंगाराच्या ढिगात हात घालून शोध म्हणावं. येईल. येईल तेव्हा पाटावर बसेल.

"धनश्री," ती म्हणाली, "गहू आन. सूप आन. मुठी धरी लेऊत."

*

कानबाईच्या रोटाचं, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचं, पीठ मोजून घेत नाहीत, मुठीनं घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात पडतो. त्याचेच रोट, आणि ते ज्यांच्या नावाची मूठ त्यांनी आणि त्यांच्या माणसांनीच खायचे. परक्याच्या तोंडी जाऊ द्यायचे नाहीत. मूठ फक्त जिवंत पुरुषाची. मेलेल्याची मूठ सुपात पडली तर सूप बाटलं. ते गहू गाईपुढं जातात, देवीपुढं नाही.

एवढं काम विधवेला चालतं. मुठी धरणाऱ्या बाईचं कुंकू कोणी विचारत नाही.

शोभाबाईनं पाय दुमडले, पदर सावरला, आणि धनश्रीनं समोर ठेवलेल्या डब्यात हात घातला. तीस वर्षांचा हात. त्याला वाट दाखवावी लागत नव्हती. मूठ भरली, वर आली, सुपावर उघडली. "घरधनी," ती पुटपुटली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, सुपावरही नाही. मग बोटांच्या चिमटीत ती वरची पाव. मग पुन्हा हात डब्यात. "योगेंद्र…"

दुसरी मूठ अर्धी उघडली तेव्हा तिला कळलं, पहिली मेलेल्याच्या नावानं पडली होती.

दोन ढीग असते तर पहिला उचलून काढता आला असता. ढीग एकच होता. पहिल्या मुठीवर दुसरी सांडली होती आणि दाण्यांवर नावं नव्हती.

धनश्रीला काही कळलं नव्हतं. ती जमिनीवर ओटीपोटावर हात ठेवून बसली होती आणि तिला विचारायचं होतं, पोटातल्याची मूठ धरतात का. ती धीर गोळा करत होती.

शोभाबाई सुपाकडं बघत राहिली. ढिगातून एक मूठ काढून डब्यात टाकणं सोपं होतं. कोणाला कळणार होतं? सुनेला नाही, हिलालला नाही. गल्लीला तर नाहीच. पोरगा म्हणाला असता, गहू आहेत आई, कुठलेही घे. त्याच्या हिशेबानं काही झालंच नव्हतं. हात चुकला, बस.

तिनं मान वर केली. समोर चौकट. खिळा. खिळ्याला टमरेल.

तासाभरापूर्वी तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, त्यात तुझा बाप नव्हता. पोराला मारायला म्हणून. पण म्हटलं होतं तिनं, कातर चालवावी तसं सहज. मग आत्ता तिचा हात कोणाची मूठ भरत होता? तिला माहीत होतं कोणाची. त्या हुकाचं पितळ जेवढं झिजलं होतं, तेवढंच या हाताला वळण पडलं होतं. हूक काढताना अंगठा नेमका त्या खोलगट जागेत बसला होता, आणि तिनं तरी तो पंख्यावर टाकला होता. नीट. गाठ मारून.

फळीवर लाल फडक्यात ती बसलेली होती. सगळं पाहून, काही न बोलता.

*

योगेंद्र परतला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि एका बोटाला चीर गेली होती. तो उंबऱ्यावरच बसला.

"मिळाला नाही," तो म्हणाला. आता तो अहिराणीत नव्हता आणि शाळेतल्या मराठीतही नव्हता, नुसता दमलेल्या माणसासारखा बोलत होता. "पितळ संध्याकाळीच वेगळं काढतात. गोण गेली म्हणाला भंगारवाला. कुठं गेली ते त्यालाही माहीत नाही. वितळवतात."

धनश्रीनं पाण्याचा तांब्या आणला. त्यानं हात धुतले नाहीत.

"आई, मी बसतो पाटावर."

धनश्रीचा हात तांब्यावरच थांबला.

"रविवारी. तू म्हणशील तसं करतो. मला पटलं नाही अजून. पण बसतो." त्यानं आईकडं पाहिलं आणि त्याला काहीतरी दिसलं. गेल्या वर्षी होळीनंतर दवाखान्याच्या बाकावर पाहिला होता तो चेहरा. त्याचा राग कुठं गेला, त्याला कळलं नाही. "आणि ते हुकाचं जाऊ दे. मी पण काल नको ते बोललो. लोखंडच होतं ते, आई. खरंच. सोड."

तो मनापासून म्हणाला. त्याच्याकडं देण्यासारखं तेवढंच होतं.

शोभाबाईला तीस वर्षांत कोणी एवढं मऊ काही दिलं नव्हतं. तिनं ते घेतलं नाही.

"लोखंड नव्हतं ते," ती म्हणाली.

"आई…"

"तुनं बरं शे रे. तुना देव नही, तं तुले माफी बी सोपी. लोखंड व्हतं, गयं. हात चुकना, चुकना. काही व्हयनंच नही." ती हळू बोलत होती आणि पलीकडचे लूम चालू असूनही अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. "मनाकडे तसं नही. मी जे करं ते करं. ती देखी राहिनी व्हती."

तिनं सूप पुढं ढकललं. "हाई देख. तुना बापनी मूठ शे यामां. मना हातनी टाकी. आनि तुनी बी. आते कोनतं कोननं, ते तू तुना बाटलीमां घालीसन सांग."

योगेंद्रनं गव्हाकडं पाहिलं. त्याचा काळा हात सुपाच्या काठावर आला आणि तिथंच राहिला.

धनश्रीला वाटलं, आता रडारड होईल आणि सगळं मिटेल. तिच्या माहेरी तसंच व्हायचं. तिनं धीर केला. "आत्या, तर पाछा, परत नव्या मुठी धरू ना आपण. नवं सूप घेऊ. आणि माझ्या बाळाची पण एक…"

"तुझ्या बाळाचं तुझ्या नवऱ्याला विचार," शोभाबाई म्हणाली. "किती लोखंड आहे म्हणावं त्यात."

आणि धनश्रीच्या एकदम लक्षात आलं की सासू अहिराणीत बोलत नाहीये. शोभाबाईला ती मराठी येत होती तर. ऑफिसात साहेबाशी बोलावी तशी स्वच्छ, परकी. या घरात तिनं ती कधी वापरली नव्हती.

शोभाबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. तिनं फळीवरचा नारळ फडक्यासकट उचलला नाही, त्याला हात लावला नाही. पदर डोक्यावर घेतला आणि फळीकडं पाठ न करता, बाजूला सरकून, दोघांसमोर उभी राहिली.

"हिलालभाऊंना फोन कर, योगेंद्र. म्हणावं, सखुबाईला घेऊन सकाळी या आणि कानबाई घेऊन जा. खोट माझ्या हातून झाली आहे, या घरात रोट होणार नाहीत. यंदा नाही आणि पुढंही नाही. धनश्री, ते गहू गाईला घाल, आणि ताटं वाढ."